शिबुयाचा चौक, चार वेळा

रस्ता ओलांडायला म्हणून विमानाने जाणारा माणूस घरच्यांना वेडाच वाटणार. टोकियोत शिबुया स्टेशनबाहेर मात्र असे वेडे ढिगाने भेटतात.

मी हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी बाहेर पडलो. मालक १९२५ साली गेला, तरी हा १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतः मरेपर्यंत, स्टेशनवर त्याची वाट बघत होता. आजही 'हाचिकोपाशी भेटू' म्हणत लोक तिथेच ताटकळतात. समोर सिग्नल लागला, चारी बाजूंच्या गाड्या एकदम थांबल्या आणि माणसं सुटली. सरळ, आडवी, तिरकी. गर्दीच्या वेळी एका सिग्नलला तीनेक हजार, असं म्हणतात. मी मोजायच्या भानगडीत न पडता पलीकडे गेलो आणि लगेच परत आलो. कुणाचा साधा खांदाही लागला नाही. जरा हिरमोडच झाला.

मग स्टेशनच्या वरच्या मजल्यावर, काचेतून चौक दिसतो त्या जोडमार्गिकेत गेलो. वरून उलगडा होतो. शिबुयातल्या 'या'चा अर्थ दरी. चौक तिच्या तळाशी आहे, दोन्हीकडून रस्ते उतरत येतात. इथली नदी कधीच जमिनीखाली गेली. आता माणसं वाहतात. आम्ही पर्यटक काचेला नाक लावून उभे, आणि आमच्या पाठीशी तारो ओकामोतोचं तीस मीटर लांबीचं भित्तिचित्र, अणुस्फोटाच्या क्षणाचं. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मलाही ते निघताना दिसलं.

तिसऱ्यांदा पाऊस भुरभुरत होता. सगळीकडे पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या. मी मधोमध थांबून मोबाइल वर धरला. समोरून आलेल्या आजींनी माझ्या डोक्यापाशी पोचताच छत्री वीतभर उचलली, मी मागे पडताच पुन्हा खाली घेतली. चाल मोडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. खांबाला वळसा घालावा तसं.

पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं, स्टेशन त्या बाजूला राहिलं. पाय दुखत होते, भूक लागली होती. सिग्नल सुटला तसा मान खाली घालून तडक निघालो, तर ऐन मध्यावर एक जोडपं सेल्फी काढत उभं.

काय ही माणसं! रस्ता काय उभं राहायला असतो?