पाया खणणारा राजा

बॅबिलोनचा शेवटचा राजा नॅबोनिडस, इ.स.पू. 556 ते 539. राज्य घालवलं म्हणून त्याला सगळे नावं ठेवतात. मी बांधकामातला माणूस, मला तो भलताच आवडतो.

त्याच्या राज्यातल्या सिप्पार शहरातलं सूर्यदेव शमाशचं देऊळ आधीचा राजा नेबुकॅडनेझर याने नव्याने बांधलं होतं. 45 वर्षांत भिंती खचल्या! (पाया न तपासता उठवलेलं काम असंच असतं, आमच्याकडेही.) नॅबोनिडसने आधी देवाला दुसरीकडे हलवलं आणि मग खोदायला लावलं. त्याच्याच शिलालेखानुसार 18 हात, म्हणजे साधारण नऊ मीटर. तिथे अक्कडच्या प्राचीन साम्राज्याचा राजा नराम-सिन याने पुरलेला पायाचा लेख सापडला. त्याच जुन्या पायावर, एक बोटही आत-बाहेर न होऊ देता, त्याने नवी वीट चढवली. लेख 3200 वर्षांपूर्वीचा, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात अंतर साधारण 1700 वर्षांचं. चालायचंच, कार्बन डेटिंग नव्हतं बिचाऱ्याकडे.

राज्यकारभारात मात्र आनंद. चंद्रदेव सिनची भक्ती इतकी की बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक, त्याचे पुजारी बिथरले. स्वतः दहा वर्षं अरबस्तानात तायमाला जाऊन बसला, कारभार मुलगा बेलशझ्झरकडे. राजा नाही म्हणून नववर्षाचा अकितू उत्सवही बंद. इ.स.पू. 539 मध्ये इराणचा राजा सायरस याचं सैन्य लढाईशिवाय बॅबिलोन शहरात शिरलं.

सायरसने आपल्या लेख कोरलेल्या मातीच्या सिलिंडरवर नॅबोनिडसची यथेच्छ निंदा केली. आणि त्याच सिलिंडरच्या शेवटी, तटबंदीच्या कामात आपल्याला पूर्वीचा असिरियन राजा अशुरबनिपाल याचा जुना लेख दिसला, हेही हौसेने नोंदवलं!