आमची वाटचाल : तुराटीची काडी आणि साठ कार्डं

दारव्ह्यात पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन, दुरुस्त होतं, हे यवतमाळच्या दुकानदारांना आजही पटत नाही. न पटो. बसस्टँडसमोर दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, मे महिन्यात आत भट्टी. तिथं बसून २००९ पासून मी दुरुस्तीच करतो आहे.

आधी मोबाइल आणि टीव्हीचे रिमोटच यायचे. मग कापसाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा पीएसपी १०००, म्हणजे पहिलं मॉडेल, घेऊन आला. ॲनालॉग, म्हणजे अंगठ्यानं सरकवायचं बटण, मेला होता. उघडून पाहतो तर खालच्या रबरी पॅडवर धूळ बसलेली. आयपीए, म्हणजे साफ करायचं अल्कोहोल, फिरवलं, बसवलं, पोरगा खूश. त्या दिवशी दुकानाचं काम ठरलं.

हत्यारं थोडीच आहेत. शून्य-शून्य नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, निन्टेन्डोच्या मशीनसाठी वाय तोंडाचा, हॉट एअर, भिंग. पण माझं खरं हत्यार म्हणजे तुराटीची तासलेली काडी. डिस्प्लेच्या रिबनचा, म्हणजे चपट्या वायरीचा, लॅच स्क्रूड्रायव्हरनं उचलला की तुटलाच समजा. तुराटी हलकी, बोर्डावर ओरखडा नाही, शॉर्ट व्हायची भीती नाही. शेतातून आणतो, ब्लेडनं तासतो, महिनाभर पुरते. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर तिला टोचू नका, दाबू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मशीन मोटरसायकलच्या डिकीत ठेवूच नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. कोणी ऐकत नाही.

२०१३ ची दिवाळी. कापूस घरात आलेला, लोकांच्या हातात पैसा. पतसंस्थेचं कर्ज काढून मी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून सोळा जीबीची साठ मायक्रोएसडी कार्डं आणि ती पीएसपीत बसवायला मेमरी स्टिकचे ॲडाप्टर आणले. कार्डावर नाव मोठं, छपाई चोख. आठ दिवसांत सगळी खपली.

पंधरा दिवसांनी पहिला आला. "भाऊ, पोराचा सेव्ह गेला." म्हणजे गेम जिथवर खेळला त्याची नोंद. मग दुसरा, मग रांगच. कार्डं खोटी निघाली. आत चिप चार जीबीची, पण सांगायची सोळा. चार भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढे जे लिहाल ते मातीत. मी मशीनचा स्क्रू न् स्क्रू तपासणारा, अन् कार्ड मात्र तपासलंच नव्हतं! कार्ड तपासायचं एचटूटेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते कार्ड पूर्ण भरतं आणि परत वाचून पाहतं. माझ्या जुन्या पीसीवर सोळा जीबीला तास जायचा, मधेच लोडशेडिंग झालं तर पुन्हा पहिल्यापासून. तरी करायलाच हवं होतं. व्यापारी म्हणाला, "बिल दाखवा." बिल त्यानं दिलंच नव्हतं. एक सोडून बाकी सगळ्यांना पैसे परत केले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

नेमका तेव्हाच समोर एकानं दुकान टाकलं. चोरीचे गेम पन्नास रुपयांत भरून द्यायचा, आणि माझ्याविषयी 'डुप्लिकेटवाला' हा शब्द त्यानंच पसरवला. त्याची करामत ऐका. पीएसपी ३००० या मॉडेलवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं नसलेलं, बदललेलं सॉफ्टवेअर, तेव्हा बहुधा तात्पुरतंच बसायचं. स्लीपमध्ये टिकायचं, पण मशीन पूर्ण बंद झालं की जायचं, मग फास्ट रिकव्हरी नावाचा छोटा प्रोग्राम एकदा चालवायचा, दहा सेकंदांचं काम. हा म्हणायचा, "मशीन मेलं," आणि जिवंत करायचे ३०० रुपये घ्यायचा! पँडोरा बॅटरीनं, म्हणजे बंद पडलेलं मशीन दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या खास बॅटरीनं, ३००० सुद्धा उठवतो म्हणायचा. ती बॅटरी १००० मॉडेलला आणि २००० च्या जुन्या बोर्डांनाच लागू पडते. ३००० तिला जुमानत नाही. पण गिऱ्हाइकाला बोर्डाचं काय कळतं?

त्या हिवाळ्यात दुकानात एकच माणूस नेमानं यायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. त्यांचंही कार्ड गेलं होतं. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "ठेव बाप्पा. कार्ड गेलं तं गेलं, तू तं नाही ना पळाला." आणि काम सांगितलं : पोरांसाठी पाढ्यांचा गेम, मराठीत, पावकी-निमकीसकट. त्यांनी स्वतःच्या पगारातून चार जुने पीएसपी घेतले होते.

पॉलिटेक्निक मी अर्धवट सोडलं होतं, पण सी ही प्रोग्रामिंगची भाषा विसरलो नव्हतो. पीएसपीचे प्रोग्राम लिहायचं पीएसपीएसडीके टाकलं. पहिली अडचण अक्षरांची. 'त्र्याहत्तर' लिहायला गेलो तर जोडाक्षर फुटायचं. शेवटी प्रत्येक आकड्याचं चित्रच काढलं. मशीनला टेक्स्चरच्या, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या चित्राच्या, बाजू दोनाच्या घातात लागतात, ५१२ च्या वर चालत नाहीत, म्हणून सगळे आकडे दाटीवाटीनं पत्रकांवर बसवले. पीसीवर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीएसपीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरेख दिसलं. खऱ्या मशीनवर मात्र अक्षरांत कचऱ्याच्या रेघा. तीन आठवडे डोकं फोडलं. प्रोसेसरनं लिहिलेलं कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या जवळच्या तात्पुरत्या साठ्यातच, राहायचं आणि ग्राफिक्सची चिप मेमरीतलं जुनंच वाचायची. चित्र काढायच्या आधी कॅश रिकामी करणारी एक ओळ टाकली, रेघा गेल्या. एम्युलेटर हा फरक दाखवत नाही. होमब्रू, म्हणजे घरीच गेम बनवायला, शिकणाऱ्या पोरांनो, रोज संध्याकाळी खऱ्या मशीनवर चालवून पाहा.

गेम २०१४ च्या पोळ्याला चालू झाला. गुरुजींनी पाच शाळांत दाखवला, तिथल्या पालकांची मशीनं माझ्याकडे यायला लागली. पाटल्या दीड वर्षात सुटल्या. पुढची वर्षं ठीक गेली.

समोरच्यानं दुकान कधीच बंद केलं. आता कृषी केंद्र चालवतो. गेल्या महिन्यात नातवाचं चिनी हँडहेल्ड घेऊन तोच आला. सुरूच होत नव्हतं. सोबत आलेलं बिननावाचं कार्ड गेलं होतं. या मशीनचं हे नेहमीचंच आहे, घेतल्या दिवशीच चांगल्या कार्डावर कॉपी करून ठेवायला हवं. नवं कार्ड त्याच्यासमोर पूर्ण तपासलं, तासभर बसवून ठेवला. कार्डाचे पैसे वेगळे, मजुरी ३०० रुपये. पक्कं बिल दिलं.