पोर्ट ऑफ स्पेन : बीच सोडून ओव्हल

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीत, पाहण्यासारखं काही नाही, असं जहाजावर ज्याला विचारावं तो सांगत होता. शहराला लागून किनारा नाही. पारियाच्या आखाताचं पाणी गढूळ आहे, बार्बाडोसचा निळा रंग इथे दिसत नाही. धक्क्यासमोर लगेच हमरस्ता आणि ऑफिसांच्या इमारती. म्हणून सकाळ होताच बहुतेक मंडळी बसमध्ये बसून डोंगरापलीकडच्या माराकासच्या किनाऱ्यावर गेली. माझा नवरा आणि मुलंही गेली, तळलेल्या पावातला शार्क खाऊन खूश होऊन परतली. मी आणि बाबा गेलो नाही. किनारे काय, कॅरिबियनमध्ये बेटागणिक आहेत. क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान फक्त इथेच आहे.

बाबा माटुंग्याचे. दडकर मैदानावर दादर युनियन क्लबच्या मॅचेस बघत मोठे झालेले. सुनील गावसकरांना त्यांनी कसोटी खेळायच्या आधीपासून, मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलंय. तेच गावसकर मार्च १९७१ मध्ये आपली पहिली कसोटी इथे खेळले : ६५ आणि नाबाद ६७. कर्णधार वाडेकर, सरदेसाईंचं शतक, आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिलावहिला कसोटी विजय. एप्रिलमध्ये याच मैदानावर मालिकेतली शेवटची कसोटी झाली. तेव्हा गावसकरांची दाढ ठणकत होती, आणि तशात १२४ आणि २२०! चार कसोटींत मिळून ७७४ धावा. आमच्या घरी हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. त्या दौऱ्याची कात्रणं बाबांच्या कपाटात अजून आहेत. तेव्हा संध्याकाळी जहाज सुटायच्या आत काय बघायचं, हा आमच्यापुढे प्रश्नच नव्हता.

धक्क्याच्या आत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांनी डॉलरमध्ये अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. दारात उतरलेल्या पाहुण्याला असं पहिल्याच पावलाला लुबाडायला बघणं मला कुठल्याही देशात सहन होत नाही. आम्ही सरळ फाटकाबाहेर राईटसन रोडवर चालत आलो. इथे भाड्याच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर पहिलं अक्षर ‘एच’ असतं, ते बघून एक गाडी थांबवली. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. क्वीन्स पार्क ओव्हल म्हटल्यावर त्यांनी आरशातून बाबांकडे बघितलं आणि विचारलं, “बॉम्बे?” बाबांनी मान हलवली. “मग तुम्ही गावसकरांना खेळताना बघितलं असेल.”

त्या क्षणापासून मला त्या गाडीत बोलायला जागा उरली नाही.

त्यांचे पणजोबा कलकत्त्याहून बोटीने आले होते. घरात गाव-जिल्ह्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. ३० मे १८४५ ला हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं करार करून इथल्या उसाच्या मळ्यांवर आली. मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. ३० मेला इथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. तर या गृहस्थांचे वडील चाग्वानासजवळ ऊसतोडीचं काम करायचे. १९७१ मध्ये ते मजुरी बुडवून, मित्रांबरोबर बसने ओव्हलवर आले होते. “माझ्या वडिलांनी इंडिया कधी बघितली नाही,” ते म्हणाले, “पण इंडियाची टीम बघितली.” पाच फूट चार-पाच इंचांचा, सडपातळ, आपल्यासारखा दिसणारा एक पोरगा सोबर्सच्या वेस्ट इंडीज संघाला दिवसभर उभं करून ठेवतोय, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं. पुढे त्या पोरावर इथल्या कलाकाराने कॅलिप्सो, म्हणजे इथल्या ढंगाचं गाणं, रचून गायलं. आपल्याच संघाला हरवून गेलेल्या पाहुण्यासाठी गाणं करणारं गाव! मला या शहराचं सगळ्यात मोठेपण यात वाटतं.

ओव्हलवर त्या दिवशी सामना नव्हता. फाटकावरच्या रखवालदाराशी आमचे सारथी काहीतरी भराभरा बोलले, त्यातला ‘गावसकर’ तेवढा मला कळला. रखवालदाराने बाबांकडे बघितलं, टोपी मागे सारली आणि आम्हाला आत घेतलं.

आत गवत कापायचं यंत्र चालू होतं, ओल्या गवताचा वास सगळीकडे. उत्तरेला मैदानाच्या मागे हिरवे डोंगर इतके जवळ की सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक त्यांना टेकून उभा राहील. मी जगातली बरीच स्टेडियमं बघितली आहेत, पण असं खेळावंसं वाटणारं मैदान दुसरं बघितलेलं नाही. बाबा स्टँडच्या पायरीवर बसले नाहीत. कठड्याला दोन्ही हात लावून उभे राहिले आणि मला बोटाने दाखवू लागले. दुराणींनी सोबर्सचा त्रिफळा उडवला. लॉईडचा झेल वाडेकरांनी घेतला. कुठल्या टोकाकडून, कुठल्या दिशेला, सगळं सांगितलं. ते काही त्या सामन्याला हजर नव्हते. पेपर वाचून वाचून मनात आखलेलं मैदान ते आता खऱ्या मैदानावर ताडून बघत होते. मग म्हणाले, “आणि शहात्तरचे ते चारशे सहा.” चौथ्या डावात ४०३ हवे होते. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर अमरनाथ ८५ आणि भारत ४ बाद ४०६. तो पाठलागाचा विक्रम २००३ पर्यंत टिकला. खरं तर तो सामना गयानात व्हायचा होता, तिथे पाऊस झाला म्हणून इथे आणला. त्यात वेस्ट इंडीजने तीन फिरकीपटू खेळवले होते, आणि त्या हारेनंतर त्यांचा कर्णधार लॉईडने वेगवान गोलंदाजांचा ताफा उभा केला.

परतताना सव्हाना या शहरातल्या मोठ्या मैदानाला वळसा घालून आलो. लेखक नायपॉल जिथे शिकले ती क्वीन्स रॉयल कॉलेजची इमारत पाहिली, शहाळ्याचं पाणी प्यायलो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरणारे पर्जन्यवृक्ष मूळचे अमेरिका खंडातल्या याच उष्ण पट्ट्यातले. इथे ते मोकळ्या मैदानात हवे तसे आडवे वाढलेत.

आणि डबल्स, इथला रस्त्यावरचा खाऊ. हळदीने पिवळे झालेले, तळलेले, पुरीहून मऊ असे ‘बारा’ नावाचे दोन पाव, मध्ये छोल्यांची पातळ उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी, कैरीचा तिखट कुचेला. विकणारी बाई कागदावर एक बारा टाकते, उसळ वाढते, दुसरा ठेवते, कागदाची टोकं पिळते, पुढच्या गिऱ्हाइकाला “मिरची किती?” विचारते, हे सगळं एका दमात. चमचा वगैरे काही नाही, उभ्याने बाऱ्याचा तुकडा मोडून उसळ उचलायची. बाबांनी मिरची भरपूर मागितली. कपाळावर घाम डबडबला तरी दुसरं मागितलं. जहाजावरच्या त्या लांबलचक बुफेत इतकं चवीचं आम्हाला एकदाही मिळालं नव्हतं. पैसे सारथ्यांनी दिले. मी पुढे केलेल्या नोटा त्यांनी घेतल्या नाहीत आणि म्हणाले, “गावसकरांच्या गावची माणसं.”

टॅक्सीचं भाडं मात्र मी पुरेपूर दिलं, त्यावर थोडं जास्तच. पण बाबा उतरेनात. शहात्तरला सामना खरा कुणी काढला, गावसकरांनी की विश्वनाथने, यावर दोघांचं वाजलं होतं. माटुंग्याचा माणूस गावसकर सोडेना. आणि त्रिनिदादचे ते गृहस्थ स्टिअरिंगवर हात आपटून सांगत होते की शेवटच्या दिवशी विश्वनाथ होता म्हणून तर!