शिकागोला पाहुणे आणायला जाताना

शाळेपासूनचा माझा मित्र आणि वहिनी साताऱ्याहून आमच्याकडे, आयोवातल्या डे मॉइनला येणार हे ठरलं, तेव्हाच मी सांगून टाकलं, "तिकीट शिकागोपर्यंतचंच काढ. पुढचं मी बघतो." शिकागोहून आमच्याकडे यायला तासा-सव्वातासाचं विमान आहे. पण अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं. सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर पडून त्या पुन्हा विमान कंपनीकडे द्यायच्या, टर्मिनल बदलायचं आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत परत उभं राहायचं. साठी ओलांडलेल्या, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेल्या दोघांना एवढ्या लांबच्या प्रवासानंतर हे करायला लावणं माझ्या जिवावर आलं. गाडीने सव्वापाचशे किलोमीटर म्हणजे पाच-साडेपाच तास लागतात. त्यांच्यासाठी तेवढं मी कधीही जाईन.

खरं काम निघायच्या आधीच, फोनवर झालं. बॅगेत काय भरायचं यावर वहिनींशी रोज बोलणं व्हायचं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लोणचं चालेल, पण फॉर्मवर विचारोत किंवा तोंडी, खाण्याचं सामान आहे असंच सांगायचं. लपवलं तर दंड होऊ शकतो. ताजा कढीपत्ता अजिबात नको, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते. तांदूळ आणि हरभरे नकोत, ते साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा किड्यामुळे बंद आहेत. कंदी पेढे नाहीत हे ऐकून मात्र वहिनी गप्पच झाल्या. "भावजी, साताऱ्याहून येऊन पेढे नाहीत?" जनावरांच्या रोगांमुळे दुधाच्या पदार्थांचे नियम इथे कडक आहेत, हे मी दोनदा समजावलं. मलाही वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे कागद. आमचा पत्ता, माझा फोन नंबर आणि परतीच्या तिकिटाची प्रत, हे सगळं छापून दोघांच्या पर्समध्ये वेगवेगळं ठेवायला लावलं. फोनची बॅटरी उतरली की त्यातलं काहीच हाताशी राहत नाही. अधिकारी कुठे राहणार, किती दिवस, कोणाकडे एवढंच विचारतात. विचारलं तेवढंच सांगायचं.

ऑक्टोबरचे दिवस होते, मक्याची कापणी चाललेली. आय-८० रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी यंत्रांची धूळ उडत होती. वॉलकॉटला ट्रकवाल्यांचा तो अवाढव्य थांबा आहे, तिथे पाय मोकळे केले. मिसिसिपी ओलांडली की इलिनॉय लागतं आणि पुढे आय-८८ वर टोल सुरू होतो. तिथे कोणी रोख पैसे घेत नाही. काचेवर टॅग नसेल तर गाडीच्या नंबरावरून चौदा दिवसांत ऑनलाइन भरायचे. वेळ हाताशी ठेवून निघालो होतो, कारण शिकागो जवळ आलं की गर्दी कुठे अडवेल त्याचा नेम नसतो.

त्यांचं फ्रँकफर्टहून येणारं विमान शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या पाच नंबर टर्मिनलवर उतरतं. जवळच फोन येईपर्यंत गाडीत बसून फुकट थांबता येईल अशी जागा आहे. नेहमी येणारे-जाणारे तिथेच थांबतात आणि फोन आला की दारापाशी गाडी लावतात. पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसासाठी ते करू नये, असं माझं ठाम मत आहे. पार्किंगचे पैसे द्यावेत आणि आत जाऊन उभं राहावं. त्यांचे इथले फोन सुरू नव्हते. विमानतळाचं मोफत वाय-फाय लागेलच याची खात्री कोणी द्यावी? "दाराबाहेर आलास की हलायचं नाही, मी समोर असेन," एवढंच ठरलं होतं.

विमान उतरलं हे फोनवर दिसलं, तरी माणसं बाहेर यायला दीड-दोन तास लागतात हे धरूनच चालावं. कठड्याशी आम्ही बरेच जण होतो. कोणी फुगे घेऊन, कोणी नातवाला कडेवर घेऊन. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. शेवटी ट्रॉलीवरच्या चार बॅगांच्या मागून त्याचं टोपीतलं डोकं दिसलं. मला बघून त्याने ट्रॉली तिथेच सोडली. मागून वहिनी ओरडल्या, "अहो, सामान!" घडी घातलेला तो पत्त्याचा कागद अजून त्यांच्या मुठीत होता, घामाने मऊ झालेला. एक बॅग तपासायला उघडली होती, मसाला हुंगून बघितला आणि काही न काढता परत दिली, हे त्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

त्याच रात्री परत निघालो नाही. शरद ऋतूत हरणं महामार्गावर येतात आणि अंधारात ती फार धोक्याची. विमानतळाजवळ मुक्काम केला. झोपण्याआधी दोघांच्या आय-९४ च्या, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदी ऑनलाइन उघडून नावं आणि मुक्कामाची शेवटची तारीख बघितली, छापण्यासाठी साठवून ठेवली. सहा महिने मिळाले होते.

सकाळी वाटेत ऑरोराच्या बालाजी मंदिरात दर्शन घेतलं. दुपारी मिसिसिपीच्या काठावर ल क्लेअरला थांबलो. नदी किती रुंद आहे यावर त्याचं आणि माझं एकमत होईना. वहिनींनी तिथूनच मुलीला व्हिडिओ कॉल लावला. परतीच्या वेळीही त्यांना शिकागोपर्यंत मीच गाडीने सोडणार आहे, तारीख रजेच्या अर्जात टाकून झाली आहे.