इंदूर ते आखेन: पहिला दिवस चावीच्या वेळेनं आखा

जर्मनीतल्या आखेनला प्रवासी विमानतळ नाही. फ्रँकफर्टला किंवा ड्युसेलडॉर्फला उतरायचं आणि पुढे रेल्वेनं जायचं. इंदूरकरांना त्याआधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते, ती वेगळीच. इंदूरच्या रामबाग आणि लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या घरांतून काही मुलं-मुली येत्या सत्रासाठी तिथे शिकायला निघताहेत आणि त्यांच्या आया माझ्या आईला फोन करून एकेक गोष्ट विचारताहेत. म्हणून माझा पहिला दिवस सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. विमानाचं तिकीट काढायच्या आधी खोलीची चावी कोण देणार, कुठे देणार आणि किती वाजेपर्यंत देणार, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. वसतिगृहाची देखभाल करणारा माणूस, म्हणजे हाउसमाइस्टर, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळातच भेटतो. शनिवार-रविवारी तो बहुधा नसतोच. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात तर सोमवारपर्यंत हॉटेलात राहण्याची पाळी येते. स्वस्त तिकीट शनिवारचं मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका, वाचलेले पैसे तिथे दुपटीनं जातात. मी मुद्दाम मधल्या वाराचं तिकीट घेतलं होतं.

तिकीट शक्यतो इंदूरपासून फ्रँकफर्टपर्यंत एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, काढा. बॅगा थेट पुढे जातात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढून मुंबईमार्गे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरू शकतं आणि परदेशचं टर्मिनल २ वरून सुटतं. दोन्हींच्या मध्ये बॅगा घेऊन रस्त्यानं जावं लागतं.

बॅग भरताना आमच्या घरी खरा वाद झाला तो तुपावरून. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे बाद. ताजा कढीपत्ता आणि आंबेही बाद. आजीला हे पटेना, तिनं बरणी दोनदा बॅगेत ठेवली आणि बाबांनी दोनदा काढली. मेतकूट, गोडा मसाला, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), शेव, पोहे आणि पापड मात्र निर्धास्त न्या. आईनं जीरावन दोन पिशव्यांत घालून वर रबर लावलं, तरी बॅग उघडल्यावर सगळ्या कपड्यांना त्याचा वास होता, तेव्हा तिसरी पिशवीही घाला. सुकं खोबरं आपल्याकडे विमानतळावरच काढून घेतात, त्याच्या भानगडीत पडू नका.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या रांगेत बराच वेळ गेला. अधिकाऱ्यानं प्रवेशपत्र मागितलं आणि कुठे राहणार ते विचारलं. त्यामुळे प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कम सोडणाऱ्या खात्याचा) कागद, विमा, खोलीचा करार, एपीएसचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र आणि मूळ मार्कशीट हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या बॅगेत यातला एकही कागद नको.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ ला जोडलेलं आहे, त्याला फेर्नबानहोफ म्हणतात. तिथेच लोकल गाड्यांचं वेगळं स्टेशन आहे, म्हणून पाटी नीट वाचा. दिवसातून काही मोजक्या आयसीई, म्हणजे जलद गाड्या, फ्रँकफर्टहून ब्रसेल्सला जाताना आखेनला थांबतात, ती मिळाली तर उत्तमच. मला कोलोनला गाडी बदलावी लागली. विमानतळापासून कोलोनपर्यंत साधारण एक तास आणि पुढे आखेनपर्यंत आरई १ या प्रादेशिक गाडीनं साधारण आणखी एक. काही आयसीई मुख्य स्टेशनावर न जाता ऱ्हाईन नदीच्या अलीकडच्या काठावर, डॉइट्झला थांबतात. तिथून मुख्य स्टेशन पुढचंच, लोकलनं एक स्टेशन जायचं. मोठ्या दोन बॅगा घेऊन हे करायचं असेल तर मध्ये अर्धा तास तरी हवा.

रेल्वेचं सगळ्यात स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला आणि ती गाडी गेली, तर तिकीट वाया. रेल्वेच उशिरा धावत असेल आणि मुक्कामाला पोहोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर मात्र ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी धरता येते. विमानातून उतरणाऱ्यानं माझ्या मते थोडे पैसे जास्त टाकून कुठल्याही गाडीला चालणारं तिकीटच घ्यावं. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर तिकीट (विद्यापीठाकडून मिळणारा प्रवासाचा पास) आरडब्ल्यूटीएच या तिथल्या तांत्रिक विद्यापीठात हिवाळी सत्रासाठी १ ऑक्टोबरपासून लागू होतं, सप्टेंबरात येणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. आणि ते आयसीईत कधीच चालत नाही.

हाउसमाइस्टर साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात छापील तक्ता. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ते खिडकीपाशी गेले, खिडकी दोन्ही तऱ्हांनी, पूर्ण आणि नुसती वरून तिरकी, उघडून दाखवली आणि मग तक्त्यावर एकेक वस्तू वाचत गेले: टेबल, खुर्ची, पलंग, गादी, हीटर, नळ. खिडकीच्या कट्ट्यावर सिगारेटनं जळल्याचा एक गोल डाग होता. मी बोट दाखवलं, त्यांनी मान डोलावून तो लिहिला आणि मग माझी सही घेतली. हा तक्ता कधीही घाईनं सही करून देऊ नका. खोली सोडताना हाच कागद काढतात आणि त्यात न लिहिलेलं नुकसान तुमच्या अनामत रकमेतून वळतं होतं. भिंती, फरशी, बाथरूम सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. भाषा येत नसली तरी बोट दाखवायला काही लागत नाही.

गादी होती, पण उशी, चादर, पांघरूण काही नव्हतं. माझ्याकडे सोलापुरी चादर, पंचा आणि स्लिपर होत्या, तेवढ्यावर रात्र छान गेली. तीन पिनांचा आपला प्लग तिथे बसत नाही. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि एकच अडॅप्टर नेलात की सगळं चालतं, विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे.

संध्याकाळी दुकानात गेले ती दूध, ब्रेड आणि सफरचंदं घ्यायला. ट्रॉली सोडवायला एक युरोचं नाणं लागतं, कापडी पिशवी आपली न्यायची. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत मिळते. नळाचं पाणी बिनधास्त प्या. इंदूरच्या सराफा बाजारात मध्यरात्री खाणाऱ्या आपल्यासारख्यांना रविवारी दुकानं बंद ही गोष्ट जड जाते, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा. ३ ऑक्टोबरलाही सुट्टी असते. स्वयंपाकघरात फोडणी देताना खिडकी उघडा आणि खोलीत तर देऊच नका, छताला धुराची घंटा असते.

पैशांचं एवढंच सांगते: ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. आधी तिथलं बँक खातं उघडावं लागतं. महिनाभराचा खर्च फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोकड खिशात असू द्या.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच मागा. नोंदणीची वेळ ऑनलाइन मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती पटकन भरते. शक्य झालं तर इंदुरात बसूनच ठरवून टाका, मी तसंच केलं होतं. घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून तो साडेचार होतो, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.