एप्रिलच्या दुपारी पाच अंश

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, गॅरेजच्या पत्र्याखाली पंखासुद्धा गरम वाराच फेकत होता. आणि स्कॅनर सांगत होता की इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ५ अंश आहे. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, आकडा हलला नाही. रेस दिली, तरी ५. सेन्सर खराब झाला की आकडा वेडावाकडा नाचतो नाहीतर टोकाला जाऊन बसतो. हा असा शांतपणे ५ वर थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

इंदुरात रामबागेजवळ गॅरेज चालवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. गाडी ओळखीच्या घरातली होती, २०१४ची ७९६ सीसीची ऑल्टो. वडील घेऊन आले होते. तक्रार अशी की पूर्वी अठराचं ॲव्हरेज द्यायची, आता चौदावर आली, आणि सकाळी सुरू करताना पेट्रोलचा वास येतो. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. तो मागे उभा होता, वडील बोलत असताना खाली बघत. वडील ऑफिसला निघून गेल्यावर म्हणाला, "काका, गाडीत मी थोडं काम केलंय. पण पिकअप वाढलाय, खरंच वाढलाय."

बॉनेट उघडलं. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा गायब, त्याच्या जागी पीव्हीसीचा पाइप आणि टोकाला लाल जाळीचा उघडा फिल्टर. पाइप धरायला ॲल्युमिनियमची पट्टी स्वतः वाकवून, कडा कानशीने घासून बसवलेली. हात चांगला होता पोराचा, आणि ते मी त्याला सगळ्यात आधी सांगितलं. हौसेनं गाडीत हात घालणाऱ्या मुलांना आपल्याकडे नुसती बोलणी बसतात, ते मला बघवत नाही.

मग तापमानाच्या सेन्सरची वायर शोधत गेलो. सेन्सर डब्यासोबतच निघाला होता आणि त्याच्या कनेक्टरमध्ये काड्यापेटीएवढा एक काळा प्लॅस्टिकचा डबा खोचलेला होता. वर चांदीच्या अक्षरांत 'पॉवर चिप'. सातशे रुपयांना ऑनलाइन मागवला म्हणे. मी पेचकसाने तो उघडला. आत एक रेझिस्टर आणि दोन वायरी, बाकी पोकळ. रेझिस्टरवर पिवळा, जांभळा आणि लाल पट्टा, म्हणजे ४.७ किलो-ओहम. रेडिओच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो.

त्याला समजायला वेळ लागला नाही. हा सेन्सर थंडीत जास्त ओहम, म्हणजे विजेला जास्त अडथळा दाखवतो, गरमीत कमी. कायमचे ४.७ किलो-ओहम दाखवले की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, हवा दाट आहे, पेट्रोल जास्त सोडा. पण एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो ओरडून सांगतो की पेट्रोल जास्त झालं. मग कॉम्प्युटर ते पुन्हा कापतो. स्कॅनरवर ते कापणं दिसत होतं, उणे १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चिप जे वाढवत होती तेच कॉम्प्युटर दिवसभर कमी करत बसला होता. सकाळी सुरू करताना आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मात्र ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही. तेवढ्या वेळात जादा पेट्रोल खरंच जळायला जायचं आणि नीट जळायचं नाही. प्लग काढले तर तिन्हींवर मऊ काळी काजळी, बोटाला लागणारी.

"पण काका, पिकअप?" तो सोडायला तयार नव्हता, आणि मला ते आवडलं. नुसत्या माझ्या वयाकडे बघून त्याने मान्य करावं असं मला वाटत नव्हतं. म्हटलं, मोजू या. इथून जवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक बांधलाय तो गाड्या मोजायलाच. आपल्याकडे तो नाही, पण घड्याळ आहे.

मोजायच्या आधी गाडी सरळ करणं भाग होतं. एक फेरी मारून आलो आणि चारही चाकांजवळ हात नेला. मागचं डावं चाक तापलेलं. ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला, चर्र करून उडाला. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेराही पुरा होईना. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, म्हणजे गाडी कितीतरी महिने एका चाकाचा ब्रेक दाबून चालत होती. ॲव्हरेजच्या तक्रारीचा मोठा वाटा इथेच होता आणि त्याचा ना फिल्टरशी संबंध होता ना चिपशी. केबल बदलली, टायरमध्ये हवा भरली. चारही टायरमध्ये सात-आठ पौंड कमी होती.

रविवारी पहाटे साडेपाचला सुपर कॉरिडॉरवर गेलो. रस्ता रुंद, सपाट, त्या वेळी रिकामा. पद्धत साधी ठेवली: तिसरा गिअर, ४० ते ७०, पूर्ण ॲक्सिलरेटर. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्हीकडून सारखा लागतो. माझा हाताखालचा पोरगा शेजारी बसून मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढत होता. घड्याळाचं बटण दाबताना हात चुकतो, व्हिडिओत चित्र थांबवून बघता येतं.

कंपनीच्या डब्यातला जुना कागदी फिल्टर डिकीत पडलेला होता. काळा मातकट, झटकला तर मूठभर धूळ निघाली असती, चाळीस हजार किलोमीटर कुणी बदललाच नव्हता. मी म्हटलं, तो आधी लाव, कारण तू तुलना त्याच्याशी केलीस. सरासरी ९ सेकंद आली. मग त्याचा पाइप आणि चिप: ८.७. मुलाचा चेहरा उजळला. मग पाइप तोच, पण चिप काढून खरा सेन्सर: ८.६. शेवटी कंपनीचा डबा आणि दोन-अडीचशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर: ८.४.

शेवटच्या दोघांमधला फरक मोजण्याच्या चुकीत बसेल एवढा लहान आहे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यावरून डबा जिंकला असं म्हणायचं नाही. पण पहिला आकडा बघ. तुला पिकअप वाढल्याचं वाटलं ते खोटं नव्हतं. बोळा घातलेलं नाक मोकळं झालं होतं एवढंच, आणि ते नव्या कागदी फिल्टरनेही झालं असतं. वर उघड्या फिल्टरमधून इंजिनाचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. डबा तो आवाज दाबण्यासाठीही असतो. प्रत्येक फेरीनंतर मी त्याला विचारत होतो, कोणती जोरात वाटली? दर वेळी त्याने आवाजाचीच सांगितली.

परत येताना तो गप्प होता. मग म्हणाला, पाइपचं तोंड बंपरमध्ये काढून पुढे नरसाळं लावलं तर? वेगामुळे हवा आपोआप दाबून भरेल. मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि कागद दिला. वेगामुळे पडणारा हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. ८० किलोमीटर वेगाला जेमतेम ३०० पास्कल आले. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल, म्हणजे ०.३ टक्के. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, मुंबईपेक्षा इथे हवेचा दाब तसाही सहाएक टक्के कमी. नरसाळ्याने त्यातलं काय भरून निघणार? त्याने दोनदा हिशेब केला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दुपारी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. त्याच्या पाइपमध्ये खरा सेन्सर बसवून गाडी सिग्नलला थांबल्यासारखी दहा मिनिटं उभी केली. हवा ६१ अंश. डबा लावून तेच केलं तर ४४, कारण डब्याचं नाक रेडिएटरच्या पुढून, ग्रिलमागून हवा ओढतं. तेवढ्या फरकाने हवा पाच टक्के विरळ होते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. धुतलेलं पांढरं फडकं बोटाला गुंडाळून मी त्याच्या पाइपच्या आतून, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूने फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर तपकिरी पट्टा होता. ही धूळ जाळीतून आत आली होती आणि पुढे सिलिंडरमध्ये गेली होती, पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासायला. या इंजिनाला पूर्ण वेगात सेकंदाला तीसेक लिटर हवा लागते. त्यातून किती माती जाईल याचा हिशेब मी त्याला करायला लावला नाही. फडकं त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ ते बघत राहिला.

डबा त्याने स्वतःच परत बसवला. सायलेन्सर पोकळ करून घ्यायचाही विचार होता म्हणे, तो सोडला. त्याबद्दल मात्र मी कडक बोललो होतो, कारण तो धूर गल्लीतल्या लहान पोरांच्या नाकात जातो. बिल केबलचं, प्लगचं आणि फिल्टरचं केलं. रविवारचे पैसे वडील देऊ करत होते, मी घेतले नाहीत.

डिकीत तीस किलोचा स्पीकरचा खोका होता, तो काढून बघ एवढं जाताना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन फेऱ्या जाताना, तीन येताना, सरासरी ८.१. चौथ्या ओळीतला आकडा सगळ्यात चांगला होता, ७.६, आणि तोच त्याने खोडला होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सुरुवातीला उतार लागला, धरायचा नाही. पुन्हा घेतला."