तुरीच्या गाठी आणि डाळिंबाचा तेल्या

सांगोल्याच्या आमच्या रानात बांधाच्या एका अंगाला डाळिंब, दुसऱ्या अंगाला तूर. जिवाणू दोन्ही पिकांत शिरतात. एकाच्या नावानं आम्ही बोटं मोडतो आणि दुसऱ्याला गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो.

तुरीचं रोप हिसका देऊन उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं माती सैल करा आणि मुळी अलगद वर काढा. बारीक मुळ्यांवर मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखानं फोडा. आतून लालसर निघाली तर रायझोबियम, म्हणजे नत्र बांधणारा जिवाणू, कामाला लागलाय. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. गाठीत ऑक्सिजन मोकळा फिरला तर हवेतलं नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं, म्हणून हे प्रथिन तो बेताबेतानं पुरवतं. मला नवल वाटतं ते त्याच्याही आधीच्या बोलण्याचं. मुळी फ्लेव्होनॉइड नावाचं रसायन सोडते, जिवाणू ते ओळखून स्वतःचं रसायन सोडतो, मग मुळीवरचा केस त्याच्याभोवती वळतो आणि त्याला आत घेतो. पुढं झाड साखर देतं, जिवाणू नत्र.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाला असं कुणी बोलावत नाही. त्याचा जिवाणू झँथोमोनास पावसाच्या शिंतोड्यांवर पसरतो, पर्णरंध्रातून नाहीतर जखमेतून घुसतो आणि सुईसारख्या नळीतून पेशीत प्रथिनं सोडून झाडाचा प्रतिकारच दाबतो. पानावर तेलकट ठिपका येतो. फळावरचा डाग काळा पडून तडकतो, इंग्रजी एल किंवा वायसारखा. आतले दाणे चांगले असले तरी व्यापारी त्या फळाला हात लावत नाही.

आणि दुकानात तेल्याचं नाव काढलं की कार्बेन्डाझिमची पुडी पुढं येते! ते बुरशीनाशक आहे, तेल्या जिवाणूचा. याचा मला मनापासून राग येतो. पैसे तर जातातच, पण पावसातले मोलाचे दिवसही हातचे जातात. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं जिवाणूवरही चालतं, पण रोग आत मुरल्यावर त्याचाही फार उपयोग नाही. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, स्थापना २००५ची. सोलापूरला बाजाराला जाता तसं तिथंही जाऊन विचारा.

आम्ही पावसाळ्याच्या तोंडाचा मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरलाय, फळं कोरड्या हवेत पोसतात. छाटताना दर झाडानंतर कात्री हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवतो. गुटी, म्हणजे फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, घ्यायची तर आधी ती जिथली त्या मूळ बागेत जा आणि तेलकट ठिपके आहेत का ते पानं उन्हाकडं धरून बघा. रोग बहुतेक वेळा रोपाबरोबरच रानात येतो.